साखळीवरच्या कुत्र्याला काम द्या

घोड आणि भीमेच्या काठच्या वस्त्यांवर कुत्र्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं. दिवसा साखळीला, रात्री मोकळा. रात्रभर तो बांधाबांधाने हिंडायचा, उसाच्या कडेने हुंगत जायचा, कोल्ह्या-रानडुकरांवर भुंकायचा आणि पहाटे पडवीत येऊन अंग टाकायचा. दिवसभर बांधलेला असला तरी बहुतेक वेळ झोपलेलाच असायचा, त्यामुळे साखळी त्याला फार जाचत नसे. बिबट्याने हे वेळापत्रक मोडलं. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत भागात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसांचे जीव गेले, आणि मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात शोभणारा काट्यांचा पट्टा माणसांनी स्वतःच्या गळ्यात घातला. दौंडकडे राहू-पारगावच्या ऊसपट्ट्यातही अंधार पडल्यावर अंगणात कोणी रेंगाळत नाही.

कुत्र्याला रात्री आत घ्यायलाच हवं, यात दुमत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. अंगणात बांधून ठेवलेला कुत्रा स्वतः तर जातोच, पण बिबट्याला दाराशी यायची सवयही लावतो. नाव वाघ्या असो की टायगर, रात्री जागा घरातच, नाहीतर भक्कम जाळीच्या खोपीत.

अडचण पुढेच आहे. रात्रीची भटकंती बंद झाली आणि दिवसाची साखळी मात्र तशीच राहिली. म्हणजे कुत्रा चोवीस तास कोंडलेला. मग तक्रारी सुरू होतात: उगाच भुंकतो, तुळशीजवळ खड्डे करतो, ठिबकच्या नळ्या कुरतडतो, पाहुण्यांच्या चपला पळवतो, एका जागी गोल गोल फिरतो, पाय चाटून चाटून जखम करून घेतो. घरचे म्हणतात, कुत्रं बिघडलं. माझ्या मते ते बिघडलेलं नाही, बेकार झालेलं आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या माळावर मेंढरांमागे चालणारं कुत्रं पाहा. त्याला दिवसभर लांडग्याचा वास घ्यायचा असतो, मागे राहिलेल्या कोकराकडे लक्ष ठेवायचं असतं, मुक्काम हलला की नवी जागा हुंगून घ्यायची असते. ते ठिबक कुरतडायला जात नाही. वस्तीवरच्या कुत्र्याचं डोकं तेवढंच आहे, फक्त त्याला आपण काही करायला ठेवलेलं नाही.

कायदाही याबाबत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं ११वं कलम मारहाणीपुरतं नाही. आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही. ही तरतूद फार कमी मालकांना ठाऊक असते.

खेळणं म्हटलं की डोळ्यांसमोर रबरी चेंडू येतो, पण सुरुवात नाकापासून करा. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात आणि आपण त्याला देतो काय, तर रोज त्याच खुंट्याभोवतीचा तोच वास. शार्लोट ड्युरांतोन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २०१९मध्ये पाळीव कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना दोन आठवडे हुंगून खाऊ शोधायचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा. नंतर सगळ्यांसमोर खाऊ आहे की नाही याचा अंदाज येणार नाही अशा जागी वाटी ठेवली. हुंगण्याचा सराव केलेली कुत्री तिच्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. आत काहीतरी चांगलं असणार, असं त्यांना वाटू लागलं होतं. पायाशी चालणाऱ्यांत असा बदल दिसला नाही.

तेव्हा पहिलं खेळणं विकत आणू नका. रोजची भाकरीच खेळणं करा. घमेल्यात तिचे कोरडे तुकडे टाका आणि वर एक जुनं फडकं पसरा. पहिल्या दिवशी कुत्र्याच्या डोळ्यांदेखत टाका आणि 'शोध' म्हणा. नाक खुपसून त्याने तुकडा मिळवला की शाबासकी द्या. दोन-चार दिवसांनी एका फडक्याच्या जागी जुन्या गोधडीचे मोठे तुकडे गुंडाळून, चुरगाळून ठेवा. मग घमेलं सोडून पडवीत या: एक तुकडा बाजेच्या पायाशी, एक उखळामागे, एक शिडीच्या खालच्या पायरीवर. आधी कुत्र्याला आत ठेवा, तुकडे लपवा, मग सोडा. सुरुवातीला त्याला जिंकू द्या. फार अवघड केलंत तर ते एक तर नाद सोडतं, नाहीतर गोधडी फाडायला घेतं. दोन्हींत चूक त्याची नाही.

हा खाऊ रोजच्या हिश्श्यातलाच असावा, वरकड नको. चार भाकऱ्यांपैकी एकीचा खेळ आणि बाकीचा दूधकाला थाळीत, असा हिशेब ठेवा. आधीच लठ्ठ झालेल्या लॅब्राडॉरच्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पंधरा-वीस मिनिटं मन लावून हुंगल्यावर बरीच कुत्री आपणहून आडवी होतात. तासभर दोरी ओढून जे साधत नाही ते इथे साधतं.

हाच खेळ पाचटाच्या ढिगात करायचा मोह होईल, कारण पाचट फुकट असतं. करू नका. पाचटात उंदीर येतात आणि उंदरामागे घोणस. भुईमुगाच्या टरफलांचं पोतंही टाळा. ओल लागलेल्या शेंगांवरच्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला झेपत नाही.

नाकाला काम मिळालं की जबड्याकडे वळा. चघळणं ही पिल्लांचीच नव्हे, मोठ्या कुत्र्याचीही गरज आहे. दात येण्याच्या काळात, साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यात, ती टोकाला जाते. चघळायच्या खेळण्यांत जगभर गाजलेलं पोकळ लाल रबरी खेळणं निघालं ते एका कुत्र्याच्या खोडीतून. अमेरिकेत डेन्व्हरच्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. १९७०च्या दशकात मार्कहॅम आपली फोक्सवॅगन दुरुस्त करत असताना फ्रिट्झने दगड सोडून गाडीच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग पळवला आणि तो चघळत बसला. त्या आकारावरून 'काँग' हे खेळणं तयार झालं. ही गोष्ट वाचून कोणी गॅरेजमधून रबर आणू नये. गाडीच्या टायरमध्ये तारा असतात, त्या हिरड्यांत आणि पोटात घुसतात. पैसे खर्चायचेच असतील तर अशा एका भक्कम पोकळ खेळण्यावर खर्चा, पिपाणी वाजणारी पाच स्वस्त खेळणी घेण्यापेक्षा. मोठं कुत्रं पिपाणीचं खेळणं दहा मिनिटांत फोडतं आणि पिपाणी गिळतं.

पोकळ खेळण्यात भाकरीचा चुरा आणि साधं दही भरून ते फ्रीजरमध्ये गोठवा. चाळीस अंशांच्या दुपारी ते चाटत कुत्रं बराच वेळ रमतं. खेळणं नसेल तर पसरट भांड्यात पातळ ताक गोठवा आणि तो गोळा घमेल्यात काढून द्या. आत उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे असले की झालं. ताकात मीठ, हिंग, मिरची यांतलं काहीच नको.

कोणतीही चघळायची वस्तू देण्याआधी तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख थोडंही रुतत नसेल तर ती वस्तू दात फोडेल. शिजवलेलं हाड या परीक्षेत नापास होतं, आणि कोंबडीच्या शिजवलेल्या हाडाच्या तर टोकदार चिरफळ्या होतात. मटणाच्या दिवशी हाडं कुत्र्यापुढे टाकायची रीत घरोघरी आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: ती सोडा.

घरात आणि शेतात खेळण्यासारख्या दिसणाऱ्या, पण घातक ठरणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. मक्याचं दाणे काढलेलं बुरकुंड पहिलं. कुत्रं ते चघळत नाही, तुकडे करून गिळतं. ते पोटात विरघळत नाही, आतड्यात अडकतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. आंब्याची कोय तशीच. नारळाची करवंटी फुटली की तिला सुरीसारखी धार येते. कांद्याच्या चाळीजवळ कुत्रं बांधत असाल तर जागा बदला. घरंगळणारा कांदा त्याला चेंडूच वाटतो, आणि कांदा, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूण त्याच माळेतला. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला. औषधाच्या म्हणजे कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, युरियाच्या गोण्या, कुरकुंभसारख्या एमआयडीसीतून पाणी साठवायला म्हणून गावात येणारे केमिकलचे कॅन, हे कितीही धुतले तरी खेळायला द्यायचे नाहीत. पाण्याची साधी प्लॅस्टिक बाटली चालते, तीही झाकण आणि गळ्याची कडी काढून, आत चार दाणे खाऊ टाकून आणि तुमच्या डोळ्यांसमोर. तिचे तुकडे पडू लागले की काढून घ्या.

दोरीची ओढाओढ कुत्र्यांना प्रिय असते. जुन्या सुती कासऱ्याला दोन गाठी मारा, खेळणं तयार. नायलॉनची दोरी नको, तिचे धागे आतड्याला कापतात. ओढाओढीने कुत्रं आक्रमक होतं हा समज निराधार आहे, पण नियम हवा: 'सोड' म्हटलं की सोडायचं, मग पुन्हा मिळेल. ते शिकवायचं खेचून नव्हे, बदल्यात खाऊ देऊन. हा नियम लहान मुलांनाही शिकवा. कुत्र्याच्या तोंडातलं खेळणं हिसकायचं नाही, चघळत बसलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. घरात दोन कुत्री असतील तर चघळण्याच्या वस्तू वेगवेगळ्या कोपऱ्यांत द्या. खेळताना झालेला ओरखडाही साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

चेंडूबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पन्नास वेळा फेकलेला चेंडू पन्नास वेळा आणणारं कुत्रं दमतं, पण शहाणं होत नाही. उलट काही कुत्र्यांना त्याचं व्यसन लागतं आणि चेंडू दिसेपर्यंत ती धापा टाकत उभी राहतात. चेंडू फेकण्यापेक्षा लपवा. फेकायचाच तर घशात अडकणार नाही एवढा मोठा घ्या, आणि फेकायची दिशा नीट पाहा. उसाकडे कधीच नाही. गळीत हंगामात तोडणी सुरू झाली की बिबट्या उरलेल्या फडांत सरकतो, मादीची पिल्लं पाचटात सापडतात, आणि चेंडूमागे फडात घुसलेलं कुत्रं किंवा त्याच्यामागे धावलेलं मूल परत येईलच असं नाही. मोकळ्या जागेतले सगळे खेळ ऊन चढल्यावर, साधारण आठ-नऊच्या सुमारास, आणि दिवस मावळायच्या बराच आधी. तिन्हीसांजेनंतर घमेलं-फडकं घेऊन घरातच बसा. उन्हाळ्यात सकाळचा वेळ आक्रसतो, तेव्हा पडवीतला शोधखेळच बरा.

कारवान किंवा पश्मी पाळणाऱ्यांची गोष्ट निराळी. ही कुत्री नाकापेक्षा डोळ्याने शिकार करतात. हलणारं दिसलं की सुटायचं, एवढंच त्यांना कळतं. बांबूच्या काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिंधी बांधा, नांगरलेल्या मऊ रानात ती गोल फिरवा आणि पाठलाग करू द्या. मधूनमधून चिंधी पकडूही द्या. वर्षाच्या आतल्या पिल्लाला या खेळात उड्या मारायला लावू नका, सांधे कच्चे असतात. अशा कुत्र्यांना सशामागे सोडणारे लोक अजून आहेत. ती शिकार आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चिंधीने पाठलागाची हौस बरीच फिटते.

कारेगाव-ढोकसांगवीच्या भाड्याच्या खोल्यांत किंवा दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुत्रा पाळणाऱ्यांपुढे प्रश्न जागेचा आणि पाळीचा असतो. पहिली, दुसरी, रात्रपाळी. घरी कोणी नाही. अशांनी कामावर जाण्याआधी फिरायला नेताना कुत्र्याला ओढू नये. तो जिथे थांबेल तिथे हुंगू द्यावं. अर्धा किलोमीटरच चालणं झालं तरी हरकत नाही, त्याने गल्लीचं अख्खं वर्तमानपत्र वाचलेलं असतं. निघताना गोठवलेलं खेळणं द्या, पण तुमच्यासमोर आठवडाभर वापरून तो तुकडे गिळत नाही याची खात्री झाल्यावरच. कापड, दोरी, बाटली ही एकट्या कुत्र्याची खेळणी नव्हेत. आणि सगळी खेळणी एकदम जमिनीवर पसरून ठेवू नका. दोन बाहेर, बाकी डब्यात, चार दिवसांनी अदलाबदल. डब्यातून आलेलं जुनं खेळणं कुत्रं नव्यासारखं हुंगतं. एकच खोली असेल तर खर्च वाचवायचा याहून सोपा मार्ग नाही.

मांजराचं गणित छोटं आहे. त्याला दबा धरायचा, झेप घ्यायची, पकडायचं आणि खायचं असतं, त्याच क्रमाने. काठीला बांधलेलं पीस, कागदाचा चुरगाळलेला बोळा, भोक पाडलेला खोका पुरे. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, सकाळ-संध्याकाळी, आणि शेवटी खाऊ. लेझरचा ठिपका टाळा, तो कधी हाती लागत नाही आणि मांजर चिडचिडं होतं. लोकरीचा गुंडा चित्रातच शोभतो. दोरा, सुतळी, संक्रांतीनंतर उरलेला मांजा मांजराने गिळला तर आतडं चुण्या पडून फाटू शकतं. खेळ संपला की काठी-दोरा कपाटात.

पक्षी पाळायचे तर बजरीगर किंवा कॉकाटीलसारखे. आपला रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा त्याला कोणतं खेळणं द्यावं हा प्रश्न उरत नाही. बजरीगरला मात्र आपल्याकडचं उत्तम खेळणं फुकट मिळतं: बाजरीचं आख्खं कणीस. फवारणी न झालेल्या रानातलं घ्या आणि पिंजऱ्यात उलटं टांगा. दाणे वाटीतून उचलण्यापेक्षा तो लोंबकळत, टोचत, कणसाशी झटत खाईल.

गोठ्यातल्या जनावरांनाही यातून वगळू नका. युरोपात डुकरांना उकरायला, चघळायला गवत-भुसकटासारखं काहीतरी देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या गाईला एवढंही लागत नाही. ताठ काड्यांचा खराटा गोठ्याच्या खांबाला तिच्या मानेच्या उंचीवर घट्ट बांधा, ती दिवसभर मान घासेल. करडांना चढायला दगडाचा छोटा चौथरा किंवा जुना ओंडका ठेवा.

एवढं करूनही एखादं कुत्रं खेळाकडे ढुंकून पाहत नाही. ते आळशी आहे असं धरून चालू नका. गोचिडीच्या तापात कुत्रं असंच मलूल पडतं, दात दुखत असेल तर चघळायचं सोडतं, म्हातारपणी दिसेनासं झालं की चेंडू टाळतं पण भाकरीचा वास घेतं. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. खेळण्याचा तुकडा गिळल्याची शंका असेल, वारंवार ओकाऱ्या होत असतील, पोट ताणलेलं असेल, शी होत नसेल, तर घरी तेल किंवा मिठाचं पाणी पाजत बसू नका. दोरी शीच्या जागेतून बाहेर लोंबताना दिसली तरी ओढू नका. तसंच डॉक्टरांकडे न्या आणि खेळण्याचा उरलेला भाग सोबत ठेवा. किती आणि काय गिळलं गेलं, याचा अंदाज त्यांना त्यावरून येतो.